गळ कधी गुंडाळायचा?

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्याचा ईशान्य कोपरा आणि कॅनडाचा ऑंटारियो प्रांत यांच्या सीमेवर खडक, पाइनची जंगलं आणि तळी यांचा मोठा पट्टा पसरला आहे. दहाएक हजार वर्षांपूर्वी हिमनद्या मागे सरल्या, त्यांनी खरवडलेल्या खळग्यांत पाणी साचलं आणि ही तळी झाली. अमेरिकेच्या बाजूच्या राखीव भागाला ‘बाउंड्री वॉटर्स’ म्हणतात. तो सुमारे ११ लाख एकरांचा आहे आणि त्यात हजाराहून जास्त तळी आहेत. पलीकडे, कॅनडात, जवळपास तेवढंच मोठं क्वेटिको उद्यान आहे. आत जायचं तर कनू नावाची हलकी निमुळती होडी वल्हवत, आणि दोन तळ्यांमधल्या पायवाटेवर तीच होडी खांद्यावरून वाहून नेत. तंबूत राहायचं, गळ टाकायचा, मिळेल तो मासा चुलीवर शिजवायचा. दरवर्षी लाखभराहून जास्त माणसं यासाठी इथे येतात. मिनीॲपोलिसच्या आसपास राहणारी मराठी माणसंही आता त्यांत असतात.

या सहलींबद्दल दोन मतं आहेत आणि दोन्हींमागे विचार आहे. ती समोरासमोर यावीत म्हणून हा संवाद. यातली मावशी मालवणची, शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेली. भाची मिनीॲपोलिसला नोकरी करते आणि उन्हाळ्यात कनू घेऊन उत्तरेला जाते. दोघी म्हणजे दोन भूमिका आहेत. त्या बोलतात ते तपशील मात्र खरे आहेत.

भाची: मावशी, तुझा आक्षेप नेमका कशाला आहे? मासेमारीला, की जंगलात जाऊन राहण्याला?

मावशी: मासेमारीला माझा आक्षेप कसा असेल? माझा जन्म गेला मालवणात. मासळीशिवायचे दिवस घरात श्रावणात यायचे, तेवढेच. मला खटकतं ते वेगळं. मासा ओढून काढायचा, हातात धरून फोटो घ्यायचा आणि परत पाण्यात सोडायचा, हे मला समजत नाही. आणि दुसरं, तिथे माणूस दिसत नाही याचं तुम्हाला फार कौतुक. माणूस का दिसत नाही, हे कुणी विचारत नाही.

भाची: दोन्हींचं उत्तर देते, पण आधी तिथे जायचं कसं ते ऐक, म्हणजे कशाबद्दल बोलतोय ते कळेल. ईली नावाचं गाव आहे, मिनीॲपोलिसपासून चारएकशे किलोमीटरवर. तिथून पुढे एखाद्या तळ्याकाठी गाडी ठेवायची. परवाना आधी काढावा लागतो. मे ते सप्टेंबर या काळात प्रत्येक प्रवेशाच्या जागेवरून दिवसाला ठरावीकच गट मुक्कामासाठी आत सोडतात. गटात नऊच्या वर माणसं नकोत, चारच्या वर होड्या नकोत. खाण्याचे पत्र्याचे डबे नि काचेच्या बाटल्या न्यायच्या नाहीत. पहिलं तळं ओलांडलं की पोर्टेज येतं, म्हणजे पुढच्या तळ्यापर्यंतची पायवाट. सामान पाठीवर आणि कनू उलटी करून खांद्यांवर.

मावशी: एकटीने?

भाची: एकटीने. केव्लारची कनू वीसएक किलो भरते. मधोमध आडवी लाकडी पट्टी असते, मान बसेल अशी खोबण कोरलेली, बैलाच्या मानेवरच्या जुवासारखी. आधी कनू मांड्यांवर घ्यायची, मग झोका देऊन एकदम डोक्यावरून खांद्यांवर. एकदा वर गेली की समोरचं दिसत नाही. आपली पावलं, ओले दगड, वाटेत आलेली मुळं, एवढंच दिसतं. डास नेमके त्या उलट्या होडीखाली गोळा होतात आणि दोन्ही हात कडा धरण्यात गुंतलेले असतात, त्यामुळे हाकलताही येत नाहीत. वाट संपली की गुडघाभर पाण्यात उतरून होडी पाण्यावरच अलगद ठेवायची, कारण खडकावर टेकवली तर तळ खरवडतो. मग उरलेल्या सामानासाठी परत मागे. अशी तीन-चार पोर्टेज झाली की मोटारीचा, इंजिनाचा कसलाच आवाज राहत नाही. मला ती शांतता हवी असते. ती कष्टाने मिळते म्हणून तिची किंमत कळते.

मावशी: कष्ट मला मान्य आहेत. आयती सहल नाही ही, एवढं नक्की. पण ज्या वाटेवरून तू होडी नेतेस, ती वाट पाडली कुणी?

भाची: आनिशिनाबे लोकांनी. त्यांना ओजिब्वेही म्हणतात. त्यांच्या कनू बर्च झाडाच्या सालीच्या असत. नंतर फरचा व्यापार करणारे युरोपीय आले तेही त्यांच्याच वाटांनी आणि त्यांच्याच धर्तीच्या होड्यांतून. लेक सुपीरियरपासून आत येणारी ग्रँड पोर्टेजची वाट साडेआठ मैलांची आहे. फरच्या व्यापारी कंपनीचे वल्हेकरी तिच्यावरून एका वेळी नव्वद-नव्वद पौंडांची दोन गाठोडी पाठीवर घेऊन चालत.

मावशी: म्हणजे वाट त्यांची, होडीची घडण त्यांची, कुठल्या तळ्यात कुठला मासा हे ज्ञानही त्यांचं. आणि जाहिरातीत चित्र काय? तळं, पाइन, एक कनू आणि कुणीही नाही. क्वेटिकोचा इतिहास मी वाचला. १९१३ मध्ये ते उद्यान झालं. त्याच्या हद्दीत स्टर्जन लेक गटाच्या आनिशिनाबे लोकांना करारानुसार राखून दिलेली जमीन होती. १९१५ मध्ये ऑंटारियो सरकारने ती परस्पर रद्द केली. माफी मागायला १९९१ साल उजाडलं. आपल्याकडे मेळघाटात वाघासाठी कोरकूंची गावं हलवली, तेव्हाही असंच झालं. जंगल राखायचं ठरलं की पहिला त्याग कुणाचा? तिथे आधीपासून राहणाऱ्याचा.

भाची: हे मी नाकारत नाही. पण ते लोक संपले असं मात्र बोलू नकोस. लाक ला क्रुआ हे त्यांचं गाव आजही क्वेटिकोच्या कडेला आहे. अमेरिकेच्या बाजूला १८५४ च्या करारात त्यांनी जमीन दिली, पण शिकारीचा, मासेमारीचा हक्क स्वतःकडे ठेवला, आणि तो हक्क आजही चालतो. पाण्यात उगवणारा जंगली तांदूळ ते अजूनही कनूतून झोडपून गोळा करतात. प्रश्न असा आहे, की उद्यान झालंच नसतं तर या लोकांचं भलं झालं असतं का?

मावशी: काय झालं असतं?

भाची: धरणं झाली असती. १९२० च्या दशकात एडवर्ड बॅकस नावाच्या लाकूड आणि कागदाच्या कारखानदाराने या सीमेवरच्या तळ्यांवर धरणांची मालिका बांधायची योजना आणली होती. पाण्याची पातळी चढली असती, धबधबे बुडाले असते, किनारे पाण्याखाली गेले असते आणि तो जंगली तांदूळही बुडाला असता. त्याच्या विरोधात अर्नेस्ट ओबरहोल्ट्झर उभा राहिला. १९१२ मध्ये याच माणसाने बिली मगी या ओजिब्वे वाटाड्याबरोबर कनूने हडसनच्या उपसागरापर्यंत प्रवास केला होता. ओबरहोल्ट्झर आणि त्याचे साथीदार वर्षानुवर्षं झगडले. १९३० मध्ये अमेरिकेच्या संसदेने कायदा केला, की इथल्या सरकारी जमिनीवरच्या तळ्यांची पातळी बदलायची नाही आणि किनाऱ्यापासून चारशे फुटांच्या आत झाडं तोडायची नाहीत. म्हणजे ही निर्जनता आपोआप टिकलेली नाही. ती कुणीतरी लढून राखली आहे.

मावशी: हे मला पटतं. पण मग तिला ‘अस्पर्श निसर्ग’ म्हणू नका. कायद्याने राखलेली जागा म्हणा.

भाची: म्हणते. कायद्याने राखलेली जागा. विमानांचंही तसंच. दुसऱ्या महायुद्धानंतर पाण्यावर उतरणारी छोटी विमानं हौशी मासेमारांना थेट आतल्या तळ्यांवर नेऊन सोडायला लागली. सकाळी जा, मासे भरून संध्याकाळी परत. १९४९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी आदेश काढला, की या भागावरून समुद्रसपाटीपासून चार हजार फुटांच्या खाली विमान उडवायचं नाही. नुसतं जमिनीचं नाही, आकाशाचंही रक्षण. मग १९६४ चा वन्यप्रदेश कायदा आला. त्यानंतर १९७८ चा खास बाउंड्री वॉटर्सचा कायदा आला, त्याने आतली लाकूडतोड थांबवली आणि मोटारबोटी बऱ्याचशा बाहेर काढल्या. आज पाण्याच्या सुमारे पाव भागावरच मोटार चालते.

मावशी: आणि ज्यांची पोटं त्या मोटारींवर होती, त्यांचं काय? ईलीतले लोक जंगलाचे शत्रू नव्हते. त्यांची छोटी विश्रामगृहं होती, ते वाटाडे होते, बोटी भाड्याने देत होते. १९७७ मध्ये या कायद्याची सुनावणी ईलीत झाली, तेव्हा लोकांनी सिगर्ड ओल्सनचा पुतळा करून फासावर लटकावला. ओल्सन बाहेरचा नव्हता. त्याच गावात शिकवणारा, तिथलाच वाटाड्या, या जंगलावर जन्मभर लिहिणारा माणूस. गावानेच त्याला असं वागवलं, यावरून दुखणं किती खोल होतं ते बघ.

भाची: दुखणं खरंच खोल होतं, आणि अजून पूर्ण गेलेलं नाही. सरकारने विश्रामगृहं विकत घेतली, पैसे दिले, पण आयुष्याची घडी मोडली त्याची भरपाई पैशाने होत नाही. तरीही मी कायद्याच्या बाजूनेच उभी राहीन. मोटार एकदा आत आली की मग दुसरीला नाही म्हणता येत नाही.

मावशी: डोरोथी मॉल्टर माहीत आहे ना?

भाची: कुणाला माहीत नाही? शिकागोकडची परिचारिका. १९३४ पासून नाइफ लेकमधल्या बेटावर राहिली. येणाऱ्या-जाणाऱ्याला घरी केलेली रूट बिअर द्यायची. विमानबंदीमुळे बाटलीबंद पेयं येणं थांबलं, तेव्हा रिकाम्या बाटल्यांत ती स्वतःच बनवायला लागली. कुणाला गळ लागला, कुणाचा हात कापला, तर मलमपट्टी तिच्याकडे. जवळचा रस्ता कित्येक मैल लांब.

मावशी: आणि त्याच बाईला कायद्याने सांगितलं, की इथून निघ. वन्यप्रदेशात माणसाचं घर चालत नाही म्हणून. लोकांनी आवाज उठवला तेव्हा कुठे तिला हयातीपर्यंत राहू दिलं. १९८६ मध्ये ती गेली आणि त्यानंतर तिची लाकडी घरं बर्फावरून ओढत ईलीला नेऊन तिथे संग्रहालय उभारलं. तिच्यामुळे जंगल बिघडत होतं का? उलट ती होती म्हणून कितीतरी माणसं सुखरूप परतली. मला सांगायचंय ते एवढंच, की ‘इथे थांब’ हे जंगल राखणारे नेहमी दुसऱ्याला सांगतात. आनिशिनाबे थांबले, विश्रामगृहवाले थांबले, डोरोथीला थांबवायला निघाले. वीकएंडला शहरातून येणारा माणूस कुठे थांबतो, ते मला सांग.

भाची: परवान्यावर थांबतो. नऊ माणसांवर थांबतो. इंजिन न लावण्यावर थांबतो. जळाऊ लाकूड म्हणून उभं झाड तोडायचं नाही, पडलेलंच घ्यायचं. भांडी तळ्यात धुवायची नाहीत. अस्वल येऊ नये म्हणून रात्री सगळं खाणं झाडाला टांगायचं किंवा जाड डब्यात कुलूपबंद ठेवायचं. या सगळ्याचा कंटाळा येत नाही, मावशी. उलट दोन दिवसांत सवय होते आणि घरी आल्यावर आपण किती वस्तू विनाकारण वापरतो ते लक्षात येतं. म्हणून मी जाते.

मावशी: बरं, मग आता माशांकडे ये. मासे कोणते मिळतात?

भाची: मुख्य वॉलाय. त्याचा डोळा बघायला हवास तू. अंधारात काचेसारखा चमकतो. मंद उजेडात त्याला चांगलं दिसतं, म्हणून तो दिवस मावळताना शिकारीला निघतो, आणि आपणही तेव्हाच गळ टाकतो. पाठीवरचा पर काट्यांचा, तो हाताने दाबून मगच पकडायचा. लांब जबड्याचा नॉर्दर्न पाइक मिळतो, खोल थंड पाण्यात लेक ट्राउट, आणि स्मॉलमाउथ बास.

मावशी: बास तिथलाच आहे?

भाची: नाही. यातल्या बहुतेक तळ्यांत तो माणसांनी आणून सोडलेला आहे.

मावशी: बघ. म्हणजे पाण्याखालचा प्राणीसुद्धा माणसाच्या इच्छेने बदललेला. पकडलेल्या वॉलायचं करता काय?

भाची: सपाट खडकावर वल्हं आडवं टाकायचं, त्यावर मासा साफ करायचा. कल्ल्यांमागून सुरी घालून पाठीच्या काट्याला लागून शेपटीपर्यंत न्यायची. दोन स्वच्छ फोडी निघतात, आत बारीक काटे फार नसतात. मी हळद, तिखट, मीठ आणि कोकमाचं आगळ लावून ठेवते. आगळाची छोटी प्लास्टिकची बाटली पिशवीत असतेच. मग रव्यात घोळवून लोखंडी तव्यावर. गालाचे दोन छोटे गोळेसुद्धा काढून घेते, ते सगळ्यांत गोड.

मावशी: आणि डोकं? डोक्याचं तिखलं झालं असतं.

भाची: तिथे नाही करत. वास रात्रभर राहतो आणि अस्वल येतं. डोकं, काटे, आतडी मुक्कामापासून आणि पाण्यापासून लांब नेऊन पुरायची.

मावशी: हे ऐकून मला बरं वाटलं. भुकेला मासा मिळाला, त्यात काही वावगं नाही. पण खाण्यावर तरी मर्यादा आहे ना? त्या माशांत पारा असतो म्हणतात.

भाची: असतो, आणि याचं मला फार वाईट वाटतं. रस्त्यापासून तीन पोर्टेज आत असलेल्या तळ्यातल्या वॉलायमध्येही पारा असतो. तो बहुतांशी हवेतून येतो, दूरच्या कोळशाच्या वीजकेंद्रांतून, राज्याच्याही बाहेरून. तळ्याच्या गाळातले जिवाणू त्याचं जास्त विषारी रूप करतात. ते बारीक जिवांत जातं, त्यांना खाणाऱ्या लहान माशांत, आणि शेवटी वॉलाय-पाइकमध्ये साठत जातं. मासा जितका मोठा आणि वयस्क, तितका पारा जास्त. म्हणून गरोदर बायकांनी आणि मुलांनी वॉलाय महिन्यातून एखाद्या वेळीच खावा, असं राज्याचं आरोग्य खातं सांगतं.

मावशी: म्हणजे जिथे इंजिन पोचू दिलं नाही तिथे शहरातला धूर पोचला. तुझी शांतता खरी आहे, पण तिला भिंत नाही.

भाची: नाही. म्हणून शहरात परत आल्यावर वीज कशावर होते हा प्रश्नही तळ्याचाच प्रश्न असतो. तिथे जाणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना हे तिथे गेल्यामुळेच कळतं. मलाही तसंच कळलं.

मावशी: आता सोडून देण्याचं बोल. गळ ओठात रुतला, मासा थकेपर्यंत झुंजवला, वर काढला, फोटो काढला आणि सोडला. खाणं नाही, विकणं नाही. मग त्या जिवाला त्रास कशासाठी दिला? स्वित्झर्लंडमध्ये सोडून देण्याच्याच हेतूने मासे पकडायला कायद्याने मनाई आहे. त्यांनी विचार करूनच केलं असणार.

भाची: तिकडचा विचार मला कळतो. पण इथे सोडणं नियमात बसवलेलं आहे, आणि त्यामागे कारण आहे. मिनेसोटात वीस इंचांहून मोठा वॉलाय एकच ठेवता येतो. मोठी मादी भरपूर अंडी देते, ती पाण्यात राहिली तर तळं टिकतं. लेक ट्राउट तर फार हळू वाढतो. थंड पाण्यात हातभर मासा व्हायला कितीतरी वर्षं लागतात. अशा माशाला मारून खाणं आणि त्याला परत सोडणं, यात दुसरंच बरोबर आहे. क्वेटिकोत तर उलट्या काट्याचा गळ चालतच नाही. काटा दाबून सपाट करावा लागतो, म्हणजे तो चटकन निघतो आणि जखम कमी होते. जिवंत किंवा मेलेलं आमिषही तिथे चालत नाही, फक्त कृत्रिम.

मावशी: आमिष का नाही?

भाची: एक कारण गांडूळ. हिमयुगाने तिथली जमीन खरवडून काढली, त्यामुळे त्या उत्तरेकडच्या जंगलात मूळचं गांडूळच नाही. पानांचा जाड थर सावकाश कुजतो आणि त्यात तिथली रोपं रुजतात. मासे पकडायला आणलेली गांडुळं लोक उरली की काठावर टाकून देतात. ती तो थर खाऊन टाकतात आणि जंगलाची जमीन उघडी पडते. जिवंत छोट्या माशांबरोबर तर काय काय येतं सांगता येत नाही. काटेरी शेपटीचा एक परदेशी पाणपिसू सीमेवरच्या काही तळ्यांत होड्यांच्या नि दोऱ्यांच्या ओलाव्यातून शिरला. तो तिथल्या बारीक जिवांना खातो, म्हणजे माशांच्या पिल्लांच्या तोंडचं अन्न. आमिषाखेरीज गळाच्या दोरीला लावायचं शिशाचं वजनही आम्ही टाळतो. लून नावाचा पाणपक्षी अन्न दळायला छोटे खडे गिळतो. तळाला पडलेलं शिशाचं वजन खडा समजून गिळलं तर तो विषाने मरतो. म्हणून आम्ही टिनचं किंवा टंगस्टनचं वजन वापरतो.

मावशी: इतकी सगळी काळजी घेतेस, हे खरंच कौतुकाचं आहे, बाय. पण माझा प्रश्न तसाच आहे. मोठी मादी गळाला लागली म्हणून सोडली, ते ठीक. पण तिला पकडायची गरज कुठे होती? तव्यापुरते मासे झाल्यावरही तुम्ही गळ टाकत राहता, हे खरं ना?

भाची: बरेच जण टाकतात. संध्याकाळी मासा उसळायला लागला की हात थांबत नाही. मीही टाकते.

मावशी: तिथेच माझं म्हणणं आहे. आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात मासेमारी बंद असते. मासळीची वीण होते म्हणून. कर्ज डोक्यावर असतं, घरात पैसा नसतो, तरी बोट किनाऱ्याला लागलेली असते. किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणाऱ्या आमच्या लोकांनी पर्ससीन या मोठ्या जाळ्याच्या मासेमारीविरोधात वर्षानुवर्षं आवाज उठवला, २०१६ मध्ये सरकारने निर्बंध आणले, आणि ते पाळले जातात का यावर आजही भांडण चालू आहे. पोटासाठी मासे मारणारा माणूस कुठे थांबायचं यावर इतका जीव तोडून भांडतो. मग हौसेसाठी जाणाऱ्याने त्याच्याहून आधी थांबायला नको का?

भाची: इथेही विणीच्या काळात बंदी असते. वॉलाय बर्फ वितळल्यावर अंडी घालतो, म्हणून त्याचा हंगाम मेच्या मध्याला उघडतो.

मावशी: कायद्याने बंदी असते, ती तू पाळतेस, त्याबद्दल मला शंका नाही. पण कायदा काय मोजतो ते बघ. तो किती मासे ठेवलेस ते मोजतो. सोडलेस ते मोजत नाही. एका संध्याकाळी पन्नास माशांच्या तोंडात गळ घातला आणि पन्नासही सोडले, तर कायद्याच्या लेखी तू काहीच केलं नाहीस. आणि सोडलेले सगळे जगतात असं तूही म्हणणार नाहीस.

भाची: नाही म्हणणार. गळ घशात किंवा कल्ल्यात गेला असेल, पाणी कोमट असेल, मासा खोलातून झपाट्याने वर आणला असेल, कोरड्या हाताने धरून अंगावरचा चिकट थर पुसला असेल, तर पोहत गेलेला मासाही नंतर मरतो. दिसत नाही इतकंच.

मावशी: मग सोडणं वाईट नाही, हे मी तुझ्याकडून शिकले आणि मानते. मोठी मादी सोडलीच पाहिजे. पण सोडण्यासाठीच पकडत राहणं मला मान्य नाही.

भाची: यावर मला विचार करावा लागेल, असं मी म्हणणार होते. पण विचार करण्यासारखं फार उरलेलं नाही. गळ टाकण्यात जे सुख आहे ते दोर ताणला जाण्याच्या क्षणात आहे, हे खरं. तरी वल्हवणं, काठावर बसणं, लूनची हाक ऐकणं, यांत ते सुख कमी नाही. तव्यापुरते मासे झाले की गळ गुंडाळायचा, हे मला जमेल. आमच्या गटालाही सांगेन. पण एक गोष्ट मी सोडणार नाही, मावशी. या जागा माणसांपासून राखायच्याच असतात, हे माझं मत पक्कं आहे. इंजिन आत येऊ द्यायचं नाही, खाण येऊ द्यायची नाही. त्या पाणलोटात तांबे-निकेलची खाण काढण्यावरून केवढा वाद चालू आहे. २०२३ मध्ये अमेरिकी सरकारने सव्वादोन लाख एकरांवर वीस वर्षांसाठी खाणकामाला मनाई केली आणि लगेच ती उठवायचे प्रयत्नही सुरू झाले. अशा वेळी ‘लोकांनाही जगायचं आहे’ हे वाक्य खाणवाल्यांच्याच कामी येतं.

मावशी: माझं वाक्य खाणवाल्यांना द्यायला मी मूर्ख नाही. खाणीने आनिशिनाबेंचा तांदूळही जाईल आणि तुझा वॉलायही. राखायचंच, पण कुणापासून राखायचं ते स्पष्ट असू दे. पोटापुरतं घेणारा आणि हवं तेवढं ओरबाडणारा, या दोघांना एकाच नियमाने बाहेर काढलं तर अन्याय होतो. तिथल्या करारातले हक्क पाळले जावेत, उद्यान चालवण्यात आनिशिनाबेंचा शब्द असावा, यासाठी तुम्ही बोललं पाहिजे. तुम्ही त्यांच्या वाटेने चालता.

भाची: हे मान्य आहे, आणि हे काम सहल संपल्यावरचं आहे. परवान्याचे पैसे भरले म्हणजे देणं फिटलं, असं मी आजवर धरून चालले होते. तसं ते नाही.

मावशी: नाहीच. आणि जे देणं तळ्यावरच फेडता येतं, ते तिथेच फेड. विमान कुठे थांबेल ते राष्ट्राध्यक्षांनी ठरवलं, मोटार कुठे थांबेल ते संसदेने ठरवलं, गट कितीचा ते वनखात्याने ठरवलं. किती माशांच्या ओठात गळ रुतवायचा, हे ठरवायचं त्यांनी तुझ्यावर सोडलं आहे. ते तू मोज.